शांत राहा, आहात तिथेच राहा

परदेशात राहणाऱ्या नागरिकाला युद्धाच्या दिवसांत सरकारकडून मिळते तरी काय, असे खोचकपणे विचारणारे लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. त्याला पत्रक मिळते. विमान मिळेल की नाही हे हवाई हद्द, हवामान, मुत्सद्देगिरी आणि इंधनाचा भाव यांवर ठरते. पत्रकाला यातले काहीच आडवे येत नाही. ते मध्यरात्री निघते, तोफा चालू असताना निघते, आणि दूतावास गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी गेला तरी त्याच्याच नावाने निघते. त्याला व्हिसा लागत नाही. आजवरच्या कोणत्याही युद्धात एकही पत्रक पाडले गेल्याची नोंद नाही.

इतकी खात्रीची सेवा असूनही तिचे चार शब्दांत कौतुक करावे असे मराठीत कुणाला सुचलेले नाही. रस्त्यांतल्या खड्ड्यांवर आपल्याकडे विनोद होतात, लोकलच्या उशिरावर एकांकिका होतात, पण 'भारतीय नागरिकांनी घाबरून जाऊ नये' या वाक्यापुढे कुणी हात जोडलेले दिसत नाहीत.

या वाक्याची घडण नीट पाहावी. जे काही करायचे ते नागरिकाने करायचे असते. त्याने शांत राहायचे, सतर्क राहायचे, अनावश्यक प्रवास टाळायचा, स्थानिक प्रशासनाचे ऐकायचे, दूतावासाच्या संपर्कात राहायचे. सरकारकडे एकच काम उरते, ते म्हणजे परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवणे. हे काम हलके समजू नये. समोरच्या घराला आग लागलेली असताना आपल्या गच्चीवरून तिच्यावर लक्ष ठेवणारा शेजारी किती दमतो, हे ज्याने लक्ष ठेवले आहे त्यालाच ठाऊक.

हे शास्त्र किती पुढे गेले आहे हे समजून घ्यायचे तर १९९० सालचा मागासलेपणा आठवावा लागेल. त्या वर्षी २ ऑगस्टला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. टेलिफोन बंद पडले. मोबाइल नव्हता, ईमेल नव्हता, दूतावासाचे ट्विटर खाते नव्हते. म्हणजे या लाखो माणसांना धीर देण्याचा एकही मार्ग सरकारकडे शिल्लक राहिला नव्हता. धीर देता येईना म्हटल्यावर दुसरे काय करणार? परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली, ती मिठी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली आणि भारताची बरीच शोभा झाली. तिथून ते कुवेतला जाऊन भारतीयांना भेटले. मग माणसे बसमध्ये भरून इराक ओलांडून जॉर्डनला आणली गेली आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने मुंबईकडे उडू लागली. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली. एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसे परतली. नागरी विमानांनी इतकी माणसे हलवल्याचा तो जागतिक विक्रम ठरला.

पुढे २०१६ साली यावर 'एअरलिफ्ट' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यात सगळी धावपळ एक व्यापारी करतो आणि दिल्लीतले अधिकारी फायलींवरची धूळ झटकत बसतात. परराष्ट्र मंत्रालयाला हे रुचले नाही, आणि वस्तुस्थिती तशी नव्हती असे त्यांनी बोलूनही दाखवले. राग रास्तच होता. पण त्या काळच्या अधिकाऱ्यांचा खरा कमीपणा चित्रपटवाल्यांनाही टिपता आला नाही. त्यांच्याकडे कळवण्याची साधने नव्हती, म्हणून त्यांना आणण्याची साधने शोधावी लागली. आज तशी वेळ येत नाही.

पत्रकाची परंपरा मात्र आपली नव्हे, साहेबाची. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बॉम्ब पडू लागले तेव्हा पिनांग बेटावरचे युरोपीय रहिवासी गुपचूप बोटीतून हलवण्यात आले, आणि मागे राहिलेल्या चिनी, मलायी आणि भारतीय रहिवाशांना नंतर रेडिओवरून कळले की बेटावरची बहुतेक माणसे सुखरूप बाहेर पडली आहेत. आपण माणसांत मोडत नाही हे कुणाच्या तोंडावर न सांगता कळवण्याची ही हातोटी आजही अभ्यासण्यासारखी आहे. रंगूनवर त्याच महिन्याच्या २३ तारखेला बॉम्ब पडले. भारतीय हमाल, झाडूवाले, गोदीतले मजूर चालत भारताकडे निघाले. त्यांच्यावाचून शहर आणि बंदर चालेना, म्हणून त्यांतल्या अनेकांची समजूत घालून त्यांना रंगूनला परत नेण्यात आले. सगळे ठीक आहे, कामावर या. दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९४२ मध्ये, सरकारनेच रंगून सोडले. मग लाखो भारतीय आराकानच्या आणि मणिपूरच्या वाटांनी पायी निघाले, आणि त्यांतले हजारो वाटेत कॉलऱ्याने, मलेरियाने, उपासमारीने गेले. ज्यांना परत नेले होते त्यांना ही वाट पावसाळा जवळ आल्यावर चालावी लागली, एवढाच काय तो फरक.

आपला सुवर्णकाळ उगवला तो २०२२ च्या फेब्रुवारीत.

युक्रेनमध्ये तेव्हा वीस हजारांच्या आसपास भारतीय होते आणि त्यांतले बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. ही मुले तिथे का गेली होती हे लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत कुणालाही विचारावे. नीटमध्ये सरकारी जागेपुरते गुण पडले नाहीत, खासगी महाविद्यालयाचे शुल्क ऐकून वडील गप्प झाले, आणि सहा वर्षे खारकीव्हला राहून डॉक्टर होणे त्याहून कितीतरी स्वस्त निघाले. शेत गहाण टाकून पाठवलेला मुलगा युद्धाच्या बातमीने एका रात्रीत परत येत नाही. त्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी तितक्याच धीराचे पत्रक लागते.

१० फेब्रुवारीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या नागरिकांना युक्रेनमधून आत्ताच निघा असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रशासनाने ४८ तासांची मुदतही दिली. अमेरिकन मुळात घायकुते. खुद्द युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जानेवारीअखेर सांगत होते की उगाच घबराट पसरवू नका, अर्थव्यवस्थेला त्रास होतो. आपल्या दूतावासाने मध्यममार्ग काढला. १५ फेब्रुवारीच्या पत्रकाचा आशय असा होता की, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. निघा, असे नाही. विचार करावा. एका वीस वर्षांच्या मुलावर एवढा बौद्धिक विश्वास त्याच्या घरच्यांनीही कधी टाकला नसेल. चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याचे राहणे आवश्यक असते की नाही? विद्यापीठ म्हणते आवश्यक आहे, हजेरी भरली नाही तर वर्ष बुडेल. आई म्हणते नाही. पोराच्या खिशातले पैसे म्हणतात की विमानाचे तिकीट दुपटीने महागले आहे. हा तिढा सरकारने सोडवला असता तर पोराचे स्वातंत्र्य ते काय उरले?

२० तारखेला दुसरे पत्रक आले. आता निघण्याचा सल्ला होता, आणि चार्टर विमानांसाठी विद्यार्थ्यांनी आपापल्या ठेकेदारांशी संपर्कात राहावे असेही होते. ज्या दलालाने दोन वर्षांपूर्वी प्रवेश मिळवून देताना मेसमध्ये भारतीय जेवण मिळेल असे सांगितले होते, त्याच्याच हाती आता सुटका आली. अनुभवी माणूस. २२ तारखेला तिसरे पत्रक निघाले, की विद्यापीठ ऑनलाइन वर्ग घेणार की नाही याच्या खुलाशाची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी एअर इंडियाच्या विमानाने अडीचशेच्या आत-बाहेर माणसे दिल्लीत उतरवली. पुढचे विमान २४ तारखेला होते. ते दिल्लीहून निघाले खरे, पण पहाटे रशियाचा हल्ला सुरू झाला, युक्रेनचे आकाश बंद झाले आणि ते वाटेतून परत फिरले. विमानाचा क्रमांक एआय १९४७ होता. त्यात कुणी काही अर्थ शोधू नये.

आता खरे काम सुरू झाले, कारण आता विमानाची अडचण मध्ये राहिली नव्हती. २४ फेब्रुवारीच्या पत्रकाने सांगितले की शांत राहा आणि घर, वसतिगृह, रस्ता, जिथे असाल तिथेच सुरक्षित राहा. जे कीव्हकडे निघाले असतील त्यांनी आपापल्या गावी परत जावे. मग आणखी एक पत्रक आले. भोंगे वाजले तर जवळचे बॉम्बपासून बचावाचे आश्रयस्थान गाठावे, ती गूगल मॅप्सवर सापडतात आणि बरीचशी मेट्रोच्या भुयारांत आहेत. दिल्लीत बसून खारकीव्हच्या मुलाला त्याच्या पायाखालचे भुयार दाखवून देणे, हे १९९० साली स्वप्नातही आले नसते. काही मुलांनी पत्रकांची वाट न पाहता पोलंडची वाट धरली आणि शेहिनीच्या सीमेवर कडाक्याच्या थंडीत दिवस-दिवस उभी राहिली. त्यांच्यासाठी २६ तारखेला सूचना निघाली, की अधिकाऱ्यांशी आधी बोलल्याशिवाय सीमेवर जाऊ नये. मुले अगोदरच सीमेवर होती. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणायचा मोह होतो, पण झोपा तर उत्तम झाला होता हे कबूल केले पाहिजे.

१ मार्चला सूर एकदम चढला. कीव्हमधल्या सर्व भारतीयांनी आजच्या आज, रेल्वेने किंवा मिळेल त्या साधनाने, शहर सोडावे. स्थानकांवर आधी युक्रेनी बायका-मुलांना डब्यात घेत होते, आमच्या पोरांना दारातून मागे ढकलल्याच्या तक्रारी येत होत्या, पण पत्रकाला गर्दीचा अनुभव नसतो. त्याच दिवशी खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी खाद्यपदार्थ आणायला बाहेर पडला होता आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला. त्याच संध्याकाळी दिल्लीत सांगण्यात आले की आमच्या माहितीप्रमाणे सगळे भारतीय कीव्हमधून बाहेर पडले आहेत. दूतावासही पश्चिमेला ल्विव्हकडे निघाला होता, त्यामुळे मोजणी सोपी झाली असावी. पुढच्या दोन-तीन दिवसांत कळले की गोळ्या लागलेला एक भारतीय विद्यार्थी कीव्हच्याच रुग्णालयात पडून आहे. तो हिशेबात बसला नाही, कारण तो उठून बसूही शकत नव्हता.

२ मार्चचे खारकीव्हचे पत्रक मात्र या वाङ्मयप्रकाराचे शिखर आहे, आणि त्यापुढे मी तरी टोपी काढतो. ताबडतोब शहर सोडा आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा. वाहन नसेल तर? त्याचेही उत्तर तासाभरात दुसऱ्या पत्रकाने दिले. वाहन नसेल तर चालत जा. अंतरेही दिली होती. पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाये १२, बेझल्युदोव्का १६. वाचणाऱ्याच्या घड्याळात तेव्हा दुपार कलली होती, थंडी शून्याच्या आसपास होती आणि आकाशातून जे पडत होते ते बर्फ एकटेच नव्हते. तरी हजारेक मुले चालत निघाली आणि पोहोचली. सरकारी सूचना जशीच्या तशी, वेळेत आणि पायी अमलात आल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संरक्षण मंत्रालयाने खारकीव्हमध्ये अडकलेल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचे नाव दिलेल्या दिल्लीतल्या संरक्षण अभ्याससंस्थेने ती तयार केली होती. शेतकऱ्यांसाठी दिनदर्शिका असते, गृहिणींसाठी रुचिरा असते, मग तोफांखाली सापडलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे हक्काचे पुस्तक का नसावे? दहा-दहा जणांचे गट करा. पांढरे कापड जवळ ठेवा आणि हलवा. रशियन भाषेतली दोन-तीन वाक्ये पाठ करा, की आम्ही विद्यार्थी आहोत, लढणारे नाही, आम्हाला इजा करू नका, आम्ही भारतातून आलो आहोत. (युक्रेनच्या भूमीवर ही वाक्ये रशियनमध्ये कुणासमोर म्हणायची आणि कुणासमोर मुळीच म्हणायची नाहीत, हे विद्यार्थ्याच्या तारतम्यावर सोडले होते.) भरपेट जेवू नका, थोडे थोडे खा म्हणजे शिधा पुरेल. मोकळ्या जागी असाल तर बर्फ वितळवून पाणी करा. ओले मोजे घालू नका. प्रत्येकाने कचऱ्याची एक मोठी पिशवी ठेवावी, जमिनीवर अंथरायला आणि पाऊस-थंडीत अंगावर घ्यायला ती उपयोगी पडते. न फुटलेले बॉम्ब उचलू नका. सैनिकांबरोबर सेल्फी काढू नका. समाजमाध्यमांवर मतप्रदर्शन टाळा. दीर्घ श्वास घ्या.

या यादीची थट्टा करणारे लोक भेटतात. मी त्यांच्यात नाही. यातली प्रत्येक सूचना खरी आहे आणि जीव वाचवणारी आहे. फक्त ती अशा माणसाला दिली होती जो आठ दिवस तळघरात बसून हे सगळे आपणहून शिकला होता. सुमी शहरात सातशेच्या आसपास विद्यार्थी अडकले होते. वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि तिथली मुले बर्फ वितळवून पिऊ लागलेलीच होती. ५ मार्चला त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले की आता आम्ही जीव धोक्यात घालून सीमेकडे चालत निघतो, काही झाले तर जबाबदारी सरकारची. लगेच निरोप आला, की आम्हाला तुमची फार काळजी आहे, तुम्ही निवाऱ्यातच राहा, अनावश्यक धोका पत्करू नका. आवश्यक धोका कोणता, हे त्यांनी विचारले नाही. ८ तारखेला बस आल्या आणि ती मुले पोल्तावामार्गे बाहेर पडली. त्याआधी दोन्ही बाजूंशी बोलून वाट मोकळी करून घ्यायला दिल्लीला कष्ट पडले, हे खरे आहे. पण ते कष्ट पत्रकात आले नाहीत आणि मुलांना पत्रकच वाचायला मिळत होते.

युक्रेनमधून भारतीयांना आणण्याची 'ऑपरेशन गंगा' ही मोहीम यशस्वी झाली. ९० विमाने, साडेबावीस हजार माणसे. पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकियाच्या सीमांवर रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या दूतावासांतल्या कर्मचाऱ्यांबद्दल आणि पातेली चढवून बसलेल्या गुरुद्वारांबद्दल वावगे बोलण्याचे काही कारण नाही. चार केंद्रीय मंत्रीही शेजारच्या देशांत पाठवले होते, कारण विमानात चढणाऱ्या मुलाला कुणीतरी तू आता सुरक्षित आहेस असे सांगावे लागते, त्याशिवाय ते त्याला कळत नाही. रोमानियातल्या एका गावी मंत्रिमहोदय निवाऱ्यात मुलांना धीर देत असताना तिथला महापौर मध्येच म्हणाला, की या मुलांना निवारा आणि जेवण मी दिले आहे, तुम्ही फक्त त्यांना घरी कधी जायचे ते सांगा. परदेशी माणसाला आपला पाहुणचार कळत नाही, दुसरे काय. आणि जे अजून बंकरमध्ये होते त्यांच्या कानी त्याच दिवसांत एका केंद्रीय मंत्र्यांचे निरीक्षण पडले, की परदेशात वैद्यकीय शिक्षण घेणारे नव्वद टक्के विद्यार्थी भारतातली पात्रता परीक्षा पास होत नाहीत. बॉम्बची भीती घालवण्याचा हा उपाय मानसशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही. परीक्षेची भीती आठवली की माणूस बाकीचे विसरतो.

इकडे जिल्ह्याजिल्ह्यांत पालकांसाठी हेल्पलाइन सुरू झाल्या. मुलाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, विद्यापीठ, सध्याचा ठावठिकाणा. शेवटचा रकाना बाप भरत असे तेवढ्यात मुलगा दुसऱ्या तळघरात गेलेला असे. संध्याकाळी वृत्तवाहिन्यांवर चौकटीत मूल आणि चौकटीत आई, आणि मधोमध निवेदिका दोघांनाही विचारत असे की आपल्याला काय वाटते आहे. मुलाला बॅटरी वाचवायची असे. आईला रडायचे नसे. धीर देण्याच्या या यंत्रणेत सगळ्यात जास्त धीर त्या पोरांनीच दिला, तोही घरच्यांना, मी बरा आहे, जेवलो आहे, इथे काही नाही असे खोटे सांगून. पत्रकाचा मसुदा करणाऱ्यांनी या पोरांकडून बरेच शिकण्यासारखे आहे. त्यांची वाक्ये आखूड होती.

धीर किती काळ टिकवता येतो याचा विक्रम मात्र आधीच होऊन गेला होता. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसुल शहरात इस्लामिक स्टेटने भारतीय बांधकाम मजुरांना धरले. चाळीस जण होते. एक निसटला, भारतात आला आणि म्हणाला की बाकी एकोणचाळीस जणांना माझ्यासमोर गोळ्या घातल्या. सरकार म्हणाले की आमच्या सूत्रांची माहिती वेगळी आहे, ते जिवंत आहेत, आणि पुरावा नसताना कुणाला मृत म्हणणे पाप आहे. यात असत्य काही नव्हते. पंजाबात, हिमाचलात, बिहारमध्ये, बंगालमध्ये त्यांच्या घरचे लोक दिल्लीला येत, मंत्र्यांना भेटत आणि धीर घेऊन परत जात. २०१७ च्या उन्हाळ्यात मोसुल मुक्त झाले तेव्हा सांगितले गेले, की ते बदूशच्या तुरुंगात असावेत. पत्रकार तिथे गेले तर तुरुंगाचे अवशेष तेवढे होते. २० मार्च २०१८ रोजी राज्यसभेत जाहीर झाले, की ते सारे मृत आहेत, बदूशजवळच्या एका मातीच्या ढिगाखाली सापडले, डीएनए जुळले. पावणेचार वर्षे. एकोणचाळीस घरांतल्या बायका तोवर कुंकू लावत होत्या. एखाद्या सरकारी योजनेचा लाभ इतक्या नियमितपणे इतकी वर्षे लाभार्थ्यांपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे फार नाहीत.

अलीकडे या साहित्याला एक प्रौढ संक्षेप आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळले की काही भारतीय तरुण मदतनिसाच्या नोकरीच्या आमिषाने रशियाला गेले आणि युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने सर्व भारतीयांना आवाहन केले, की सावधगिरी बाळगा आणि या संघर्षापासून दूर राहा. खंदकात बसलेल्या माणसाला हा सल्ला मिळाला असेल तर त्याने तो नक्की मनावर घेतला असेल. जून २०२५ मध्ये इस्रायलचे हल्ले सुरू झाल्यावर तेहरानच्या दूतावासाने कळवले, की ज्यांना स्वतःच्या साधनांनी शहराबाहेर पडता येत असेल त्यांनी सुरक्षित जागी जावे. स्वतःच्या साधनांनी! खारकीव्हमध्ये निदान किलोमीटर तरी सांगितले होते. इथे अंतर नाही, दिशा नाही, वेळेचे बंधन नाही. विद्यार्थ्यांना पुढे बसने आर्मेनियाकडे नेले गेले, विमानेही आली, पण त्या एका वाक्यातली सफाई काही औरच होती. वाचणाऱ्यांची दोन गटांत आपोआप विभागणी झाली, आणि ज्यांच्याकडे साधने नव्हती त्यांनी आपल्या पत्रकाची वाट पाहिली.

एक चिंता मात्र जाणकारांना छळत होती. आपले नागरिक युद्धात योगायोगाने सापडतात, त्यामुळे पत्रक काढणाऱ्यांना पूर्वतयारीला वेळ मिळत नाही. ही उणीव नोव्हेंबर २०२३ मध्ये दूर झाली. गाझावर युद्ध पेटलेले होते, इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले होते आणि तिथल्या इमारती अर्ध्यावर उभ्या होत्या. भारताने मजूर पाठवण्याचा करार केला. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आणि लखनौला भरती झाली. सेंट्रिंगवाले, लोखंड वाकवणारे, लादी बसवणारे आणि गिलावा करणारे लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले. महिन्याला एक लाख सदतीस हजार रुपये. सरकारकडे अठरा देशांची एक यादी आहे. दहावी न झालेल्या माणसाला त्या देशांत कामाला जायचे तर सरकारची परवानगी लागते, कारण तो तिथे फसवला जाईल, अडकेल, मारला जाईल अशी सरकारला काळजी वाटते. यादीत संयुक्त अरब अमिरात आहे, थायलंड आहे, मलेशिया आहे. इस्रायल नाही. दुबईच्या मॉलमध्ये लादी बसवणे धोक्याचे ठरते, आणि लेबनॉनकडून रॉकेट येत असताना मचाणावर चढणे तेवढे चालते.

४ मार्च २०२४ रोजी इस्रायलच्या उत्तर सीमेवरच्या मार्गालियोत इथल्या बागेत क्षेपणास्त्र पडले आणि केरळचा एक शेतमजूर गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचे पत्रक आले, की सीमेजवळ काम करणाऱ्या भारतीयांनी देशातल्या सुरक्षित भागात जावे. बाग कुठे न्यावी हे त्यात नव्हते. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीची भरती महाराष्ट्रात झाली आणि पुण्यात औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये इस्रायलहून आलेल्या मंडळींनी कारागिरांच्या परीक्षा घेतल्या. भिंत ओळंब्यात आहे का, सळई मापात वाकली का, प्लास्टर सपाट आहे का. ओल्या मोज्यांबद्दल काही विचारले नाही.

रोहतकच्या रांगेत पत्रकारांनी मजुरांना विचारले होते, की तिथे युद्ध चालू आहे, भीती नाही का वाटत? अनेकांचे उत्तर साधारण एकच होते, की इथे राहून उपाशी मरण्यापेक्षा तिथे काम करताना मेलेले बरे, घरी पैसे तरी येतील. हे लोक घाबरलेले नाहीत, शांत आहेत आणि आपल्या परिस्थितीवर त्यांचे बारीक लक्ष आहे. त्यांना कोणत्या शब्दांत धीर द्यायचा, याचा मसुदा अजून कुणाकडे दिसत नाही.